चामखिळीचं औषध आणि काशाची वाटी

लग्न होऊन मी कलकत्त्याला आले तेव्हा माझे हात चांगले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिथल्या मराठी बायकांत बोलणं असं झालं की मुलगी माहेराहूनच रोग घेऊन आली आणि सासरच्यांना फसवलं. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नाही. शाळामास्तर माणूस, त्यांना ते जमलंही नसतं. मुलगी बघायला आले तेव्हा ह्यांच्या मामांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले होते, सुईत दोरा ओवून घेतला होता आणि "हात कामसू आहेत" असा दाखला दिला होता. म्हणजे माल पारखून घेतलेला होता.

हे खिदिरपूरला गोदीत, कस्टमच्या नोकरीत. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांची तिकडे बदली झाली. भवानीपुरात एका तीनमजली घराच्या मधल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर आणि मागे न्हाणीघर. घरात माणसं तीनच. हे, मी आणि सासूबाई. सासूबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. एकुलत्या मुलाला दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून वाढवलेलं. बंगाली त्यांना येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. खाली रस्त्यावर कलकत्ता असेल तर असू दे, उंबऱ्याच्या आत त्यांनी आपलं कोकणातलं गाव जसंच्या तसं मांडलं होतं. सोवळं, ओवळं, देवाचं पाणी वेगळं, प्यायचं वेगळं.

संध्याकाळी आसपासच्या घरांतल्या शेगड्या पेटायच्या आणि सगळ्या गल्लीत धूर बसायचा. त्या वेळी आमच्याकडे माझं एक ठरलेलं काम असे. सासूबाई खिडकीशी पाटावर बसत, भिंतीला पाठ टेकून पाय लांब करत, आणि मी तेल घेऊन त्यांचे तळपाय काशाच्या वाटीने घासत असे. त्यांच्या डोळ्यांची आग होई. काशाच्या वाटीने उष्णता उतरते असं आपल्याकडे मानतातच. माझ्या आईने पाठवणीच्या वेळी कानात सांगितलं होतं, सासूचे पाय धरलेस की सासर आपोआप तुझं होईल. मी ते अक्षरशः धरले.

त्यांच्या उजव्या टाचेला एक कुरूप होतं. जुनं, कठीण, रुपयाएवढं. तिथे वाटी लागली की त्या पाय मागे घेत. "तिथे वाटी नको गं, तिथे हाताने चोळ," म्हणत. मग मी उजव्या हाताच्या बोटांनी आणि तळव्याच्या गादीने ते कुरूप चोळत बसे. त्यांना बरं वाटे. डोळे मिटून घेत आणि त्या वेळी त्यांचा चेहरा जरा सैल होई. दिवसभरात तेवढाच.

पहिली चामखीळ आली ती तर्जनीच्या नखाशेजारी. राखाडी, खरखरीत, बाजरीच्या दाण्याएवढी. मला वाटलं विळीचा घट्टा आहे. मग मधल्या बोटाला आली, मग अंगठ्याखाली दोन, मग तळव्याच्या गादीवर घोसच. मी पदरात हात ठेवायला शिकले. सासूबाईंच्या ध्यानातून काहीच सुटत नसे, पण त्यांची नजर अधू झालेली, जवळचं दिसत नसे. त्यामुळे त्यांना ते कळलं चैत्रातल्या हळदीकुंकवात, तेही चारचौघींत.

तिकडे मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यामुळे हळदीकुंकू म्हणजे सगळं गाव गोळा झाल्यासारखं. कैरीची डाळ, पन्हं, आणि हातांना चंदनाची उटी. उटी लावून वर शिंपल्याने रेघा ओढायच्या. एक वहिनी होत्या, सगळ्यांत जुन्या, कलकत्त्यातच जन्मलेल्या, त्यांच्याशिवाय मंडळींचं पान हलत नसे. त्या उटीची वाटी घेऊन माझ्यापाशी आल्या, "नवी नवरी, हात पुढे कर" म्हणाल्या. मी डावा केला. त्या म्हणाल्या, दोन्ही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्यांनी माझा हात उजेडाकडे वळवला, आणि बोट आखडून घेतलं. ती उटी त्यांनी मला लावलीच नाही. वाटी तशीच पुढच्या बाईकडे नेली. सगळ्यांनी पाहिलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझा हात डोळ्यांजवळ नेऊन बघितला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "उद्यापासून कणकेला हात लावू नकोस." दुसऱ्या दिवशी भाजी चिरायचंही काढून घेतलं. मग देवाची भांडी, मग लोणच्याची बरणी, मग पाण्याचा हंडा. चार दिवसांत मी त्या स्वयंपाकघरात पाहुणी झाले. दारात उभी राहायची आणि त्या एकट्या, दुखऱ्या टाचेवर तोल सावरत, पोळ्या लाटायच्या. मी काही करायला पुढे झाले की हात वर करून थांबवायच्या.

आणि संध्याकाळी पाटावर बसून पाय पुढे करायच्या. पायांना माझा हात चालत होता.

ह्याचा मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. मी वाटी घेऊन धावत जायची.

घरातले इलाज सुरू झाले. आधी लसूण. मग चुना आणि धुण्याचा सोडा कालवून. मग कुणी सांगितलं, घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, चामखीळ गळून पडते. हे बिचारे एका घोडागाडीवाल्याकडून केस मागून घेऊन आले. त्याने काय समजून दिला कोण जाणे, बाबूला करणी करायची असेल असंच वाटलं असेल त्याला. केस बांधला, बोट सुजलं, केस गळून पडला, चामखीळ जागच्या जागी. मग सासूबाईंनी ट्रंकेतून डबी काढली आणि डबीतून बिब्बा. कुरुपाला त्या स्वतः वर्षानुवर्षं तोच लावत आलेल्या. विस्तवावर बिब्बा धरून, सुईने टोचून, त्याचं काळं तेल त्यांनी माझ्या चामखिळींवर लावलं. बिब्बा उतला. हात मनगटापर्यंत सुजला, फोड आले, फोडांतून पाणी आलं. पंधरवडाभर मी हात उशीवर ठेवून बसले होते. फोड वाळले, खपल्या पडल्या, आणि खपल्यांखालून चामखिळी निघाल्या, पूर्वीपेक्षा जास्त. एका दुपारी सासूबाई पडल्या होत्या तेव्हा मी ह्यांचं दाढीचं पातं घेतलं आणि तळव्यावरची सगळ्यांत मोठी कापून काढली. रक्त थांबेना. जिथे जिथे ते पातं लागलं होतं तिथे तिथे पुढे नव्या आल्या.

आता मला कशाची भीती होती ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, चामखिळीच तर होत्या, एवढं काय.

माझ्या माहेरी माझी आत्या राहत असे. तिच्या मानेवर कोडाचा डाग आला, तेव्हा सासरच्यांनी तिला "बरी होऊन ये" म्हणून पाठवलं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. तिला टाकली असं कुणी म्हणत नसे. "आली आहे" असं म्हणायचे. आयुष्यभर ती "आली आहे" होती. माजघरात बसून तांदूळ निवडायची, आणि टपालाची वेळ झाली की निवडता निवडता थांबायची. मी लहानपणी तिच्या मांडीवर झोपलेली. मला तिच्या थांबण्याचा आवाज माहीत होता, सुपातले तांदूळ एकदम गप्प होत.

आषाढ लागायच्या आधी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, माझ्यादेखत, पोळी वाढता वाढता, "श्रावणात हिची पहिली मंगळागौर. बायका येणार, फुगड्या खेळणार. हिचा हात कोण धरील? तोवर बरी झाली तर ठीक. नाहीतर माहेरी पाठवून दे, बरी होऊन येईल."

तेच शब्द.

ह्यांनी मान खाली घालून पोळी खाल्ली. हे स्वभावाने फार चांगले, पण आईपुढे मूग गिळून बसणारे. तरी त्या आठवड्यात ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून मला एका डॉक्टरांच्या चेंबरमध्ये घेऊन गेले. दवाखान्याला तिकडे चेंबर म्हणतात. म्हातारे बंगाली डॉक्टर, त्वचेच्या रोगांचे. त्यांनी माझा हात हातात घेतला. सरळ, उघडा, आपल्या हातात. चैत्रानंतर कुणी घेतला नव्हता. मला रडूच कोसळलं. डॉक्टर म्हणाले, "भय नेई, मा." भिऊ नकोस. मग भिंगातून बघत बघत त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत ह्यांना म्हणाले, "ये किसने जलाया? ये चामड़ा है बाबू, लकड़ी नहीं है."

बिब्बा, चुना, पातं, सगळं बंद. आधी कातडी नीट भरून येऊ दे, जखमेवर औषध लावायचंच नाही, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. कातडी भरल्यावर पुन्हा गेलो तेव्हा एक छोटी तपकिरी बाटली दिली आणि लावायची रीत स्वतः करून दाखवली. हात कोमट पाण्यात भिजत ठेवायचा. चामखीळ मऊ झाली की वरची मेलेली पांढरी कातडी अलगद खरवडायची, रक्त येईपर्यंत नाही. हात कोरडा करायचा. चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिनचं कुंपण करायचं. मग आगपेटीच्या काडीचं टोक औषधात बुडवून फक्त चामखिळीच्या डोक्यावर टेकवायचं. हवेत वाळू द्यायचं, त्याची पातळ पापडी धरते. तोंडाला नाही, तिळाला नाही, फुटलेल्या जागेला नाही. आग झाली, लाल झालं तर थांबायचं. आणि बाटली विस्तवापासून, दिव्यापासून लांब, कारण औषध भपकन पेट घेतं. डॉक्टरांचं बोलणं हे मला मराठीत सांगत होते आणि मी मंत्र शिकल्यासारखी ओठ हलवत होते.

"कधी बरं होईल?" मी विचारायला लावलं. डॉक्टर हसले. महिने लागतात म्हणाले. श्रावण त्यांच्या डोक्यात नव्हता.

निघताना त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का? हे स्पर्शाने येतं. पाप नाही, घाण नाही, नुसतं एकाच्या कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीवर जातं." हे म्हणाले, नाही, कुणाला नाही. डॉक्टरांनी माझा तळवा परत बघितला, त्या गादीवरच्या घोसावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "रोज क्या काम करती हो, मा, ये हाथ से?"

मला त्या क्षणी कळलं. डोळ्यांपुढे टाच आली. मी म्हणाले, "कुछ नहीं." ते खोटंही नव्हतं, घरात मला काही कामच नव्हतं.

औषध मी रीतीप्रमाणे लावायला लागले. शेगडीपासून दूर, गॅलरीत बसून, काडीच्या टोकाने, एकेका चामखिळीला नैवेद्य दाखवावा तसं. नखाजवळची पहिली पांढरी पडली, मऊ झाली, आणि एक दिवस हात भिजवला असताना सुटून आली. खाली गुलाबी, कोवळी कातडी. मी ती जागा ओठांना लावली. सासूबाईंना दाखवायला गेले तर म्हणाल्या, "एक गेली. बाकीच्या?"

बाकीच्यांचं तेच तर होतं. एक जाई, दुसरी येई. तळव्यावर तर ज्या जागा मी साफ करीत होते त्यांच्याच शेजारी नव्या उगवत. मी खरवडायला घेई ती न्हाणीघरातली पितळेची वज्री. आपल्या घरांत न्हाणीघरात एक वज्री असायचीच, पाय घासायची, आणि ती एकच असायची. सासूबाई तिने आंघोळीच्या वेळी टाच घासत, आणि मी तीच धुऊन घेऊन हात घासत असे. डॉक्टरांनी खरवडायला सांगितलं होतं, कशाने ते मीही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वज्री कुणाची असं कुठे विचारतात का? ती घराची असते.

आषाढ सरत आला. सासूबाईंनी ह्यांना विचारलं, "मेलगाडीचं तिकीट कुठल्या दिवसाचं मिळेल?" हे म्हणाले, "बघतो." नाही म्हणाले नाहीत. त्या दुपारी माझं डोकं फिरलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, माझी तशीच गत. व्हॅसलिन नाही, काडी नाही, बाटलीच उपडी केली तळव्यावर आणि बोटांवर. वाळलं की पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. आग व्हायला लागली तेव्हा मला बरंच वाटलं, म्हटलं काम करतंय. दुसऱ्या दिवशी तळव्याची साल निघाली, चांगल्या कातडीची. आतलं लाल मांस दिसत होतं आणि चामखिळी तिथल्या तिथे, हसत. मी गॅलरीत बसून हात पोटाशी धरला आणि देवाला म्हटलं, हा हातच घेऊन टाक. खरंच म्हटलं. एका हाताची बाई चालली असती त्यांना, असंही मनात आलं.

हे मला तसेच चेंबरमध्ये घेऊन गेले. डॉक्टर भयंकर रागावले. "जास्त ओतलं म्हणून लवकर जात नाही, मा. जास्त ओतलं की तुझी कातडी जाते आणि चामखीळ राहते." हात धुऊन, पट्टी बांधून मग त्यांनी पोलिसासारखं विचारायला सुरुवात केली. खरवडतेस कशाने? ह्यांनी वज्री समजावून सांगितली. कोणाची? घरची. आणखी कोण वापरतं? आणि हे अगदी निष्पापपणे म्हणाले, "आई वापरते, तिच्या पायाला कॉर्न आहे ना, जुना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कॉर्न है, कौन बोला?"

मग त्यांनी कागदावर टाच काढून ह्यांना दाखवलं. कुरूप असेल तर खरवडल्यावर आत कठीण, स्वच्छ कातडी दिसते. चामखीळ असेल तर काळे काळे ठिपके दिसतात, खसखशीसारखे. ठिपके आहेत का? हे माझ्याकडे बघायला लागले. घरात ती टाच जवळून पाहणारी मी एकटी. मी मान हलवली. रोज पाहत होते मी ते ठिपके.

डॉक्टर म्हणाले, तिचीही चामखीळच असणार, घेऊन या. साखरेचा आजार आहे का तेही बघावं लागेल, तसं असलं तर पायाला हे औषध न बघता लावायचं नाही. आणि ती वज्री आजच्या आज टाका, तिच्या टाचेला हात लावणं बंद करा, नाहीतर माझं औषध म्हणजे चाळणीत पाणी. रस्त्यावर आल्यावर हे म्हणाले, "आईला तू काही बोलू नकोस. मी सांगेन." ट्राममध्ये त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं होतं. ज्या पायांवर रोज सकाळी डोकं ठेवून बाहेर पडायचे ते पाय होते हो ते. माझा राग होता त्यांच्यावर, पण त्या वेळी दया आली.

त्यांनी सांगितलं नाही. आज सांगतील, उद्या सांगतील. वज्री तेवढी टाकली होती, ती कुठे हरवली म्हणून सासूबाई शोधत राहिल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. रोज संध्याकाळी त्या पाटावर बसत, पाय पुढे करीत, आणि मी पट्टी सोडून, सोललेल्या हाताने तेल लावत असे. तेल जखमेत जाई. टाचेवर हात फिरे. मला पक्कं ठाऊक होतं काय करते आहे ते.

मग एका संध्याकाळी हे खोलीत कपडे बदलत असताना सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "तिकीट आणलंस का रे?" आणि आतून आवाज आला, "उद्या आणतो."

तेव्हा मी वाटी खाली ठेवली. त्यांचा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला, खिडकीच्या उजेडात वळवला, आणि त्या टाचेशेजारी माझा तळवा धरला. म्हटलं, "आई, जरा वाकून बघा."

त्यांना आधी कळलंच नाही. चष्मा आणून दिला. त्या वाकल्या. उजेड पुरेसा होता. टाचेवर खसखशीसारखे काळे ठिपके, आणि माझ्या तळव्यावर, लाल मांसाच्या कडेने, तेच. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. बोटाने आपली टाच चाचपली, मग बोट उचलून माझ्या हातावर आणलं आणि वरच्यावर थांबवलं.

"डॉक्टर म्हणतात," मी म्हटलं, "हे कुरूप नाही. तुमच्याकडून मला आलं आहे. चोळता चोळता. आणि त्या वज्रीने."

खोलीतली हालचाल थांबली होती. हे दारात येऊन उभे होते. सासूबाईंनी पाय ओढून लुगड्याखाली घेतला. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मला वाटलं, झालं, आता तिकीट उद्याचंसुद्धा नको, आजचंच.

"तुला कधीपासून माहीत?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच कळलं होतं."

"मग मला सांगायचंस. चोळत कशाला राहिलीस?"

माझ्या तोंडातून आलं ते असं, "आई, कणीक काढून घेतलीत, देव काढून घेतलेत, पाणीसुद्धा काढून घेतलंत. माझ्या हाताला घरात दुसरं काम कुठे उरलं होतं?"

पुढचं थोडक्यात सांगते. माझ्या चामखिळी दिवाळीपर्यंत गेल्या, काडीच्या टोकाने, कुंपण घालून, घाई न करता. सासूबाई चेंबरमध्ये आल्या, डोक्यावरून पदर पुरता ओढून, तोंड भिंतीकडे करून पाय तेवढा डॉक्टरांपुढे केला. साखर नव्हती. त्यांच्या टाचेला मी औषध लावत असे, हात न लावता, काडीनेच, आणि त्या विचारत, "दिवा लांब आहे ना?" त्यांची चामखीळ जुनी, जाता जाता वर्ष घेतलं तिने. मेलचं तिकीट आलं नाही. मंगळागौर त्या श्रावणात झाली नाही. वहिनींनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, "माझा पाय बरा नाही, म्हणून पुढच्या वर्षी करू." माझा पाय. हे त्या चारचौघींत बोलल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी खोलीत धूर येऊ लागला होता, तरी खिडकी लावायला कुणी उठेना. मग त्यांनी तेलाची वाटी स्वतःकडे ओढली, दोन बोटं तेलात बुडवली, आणि माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बोटं हातावर टेकणार तोच त्यांना आठवलं.

"तेल लावायचं नाही म्हणतात का ह्याला डॉक्टर?"

"नाही लावायचं. आग होते."

त्यांनी बोटं पदराला पुसली. हात मात्र सोडला नाही. म्हणाल्या, "बरं. मग नुसता धरते."